मारबत रेडिओवर आणायची तर

पोळ्याला अजून महिना आहे, म्हणजे तयारीला उशीर झालाच आहे. पोळा, तान्हा पोळा, मारबत, महालक्ष्म्या, हडपक्या गणपती, मग दीक्षाभूमीवरचा अशोक विजयादशमीचा सोहळा... नागपुरात भाद्रपद-आश्विन असे एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन येतात, आणि रेडिओला या दिवसांत वस्तीतल्या गोष्टी हव्या असतात. यंदा आकाशवाणीसाठी अशी एखादी गोष्ट गोळा करायचं तुमच्या वाट्याला आलं असेल, तर मी मारबत धरून चालतो, म्हणजे इडा-पीडा घेऊन जायला वस्तीतून काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. तीच सगळ्यांत अवघड आहे. डोळ्यांना इतकं काही असतं की कान विसरायलाच होतात.

आधी तारखेचा घोळ मिटवा. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी निघते. कार्यक्रम त्याच सकाळी लागणार असेल तर मिरवणुकीचा आवाज त्यात येणं शक्यच नाही. मग तुमची गोष्ट मारबत बनवणाऱ्यांची असली पाहिजे आणि तिचं रेकॉर्डिंग आठ दिवस आधी हातात हवं. दुसऱ्या दिवशी किंवा त्या आठवड्यात लागणार असेल तर गोष्टच वेगळी होते. ‘नेमकं कधी लागणार?’ हा प्रश्न पहिल्या फोनलाच विचारा. मी एकदा विचारला नव्हता. मिरवणुकीत चार तास उभा राहून गोळा केलेला ढोल घरीच राहिला.

त्याच फोनवर लांबी मिनिटांत विचारून घ्या. दहा मिनिटं म्हणजे दहा नसतात. सुरुवातीची उद्घोषणा आणि शेवटचं निवेदन त्यातच बसतं, तेव्हा नऊ धरा. माझा बोलण्याचा वेग मिनिटाला एकशेदहा शब्दांच्या आसपास पडतो. तुमचा घड्याळ लावून मोठ्यानं वाचून काढा, मनातल्या मनात नाही. नऊपैकी तीन मिनिटं लोकांचे आणि रस्त्याचे आवाज असतील तर तुमच्या वाट्याला साडेसहाशे शब्द उरतात. एवढ्यात 1881 पासून काळी मारबत आणि 1885 पासून पिवळी निघते असं मानतात, हेही सांगायचं आणि बडग्यांबद्दलही, म्हणजे मिरवणुकीतल्या टीका करणाऱ्या पुतळ्यांबद्दल. म्हणून आकडे दोनच ठेवा. ऐकणाऱ्याला तिसरा आकडा कानात राहत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: करारपत्र वाचून सही करा, पॅन आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जवळ असू द्या, गेटवर दाखवायला ओळखपत्र. संपलं.

आता आवाजांची यादी, आणि ही खरोखर कागदावर लिहा. जगनाथ बुधवारीत पिवळी मारबत बनत असते तिथं दोन-तीनदा जाऊन नुसतं बसा, माईक पिशवीतच ठेवा. काय ऐकू येतं ते टिपा. बांबूच्या कामट्या सोलताना येणारा आवाज, कागद फाटण्याचा, कुणीतरी चहावाल्याला मारलेली हाक, मागे चालू असलेला टीव्ही. यातलं काय हवं आणि काय बंद करायला लावायचं हे तिथंच ठरतं. मग मिरवणुकीच्या दिवशीचं: ओटी भरायला, पाया पडायला येणाऱ्या बायकांची कुजबूज, ढोल-ताशा, भोंग्यावरून ओरडणारा पोट्टा, आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा गजर. गजर दोन अंतरांवरून घ्या, एकदा मिरवणुकीच्या पोटातून आणि एकदा गल्लीच्या टोकावरून, लांबून येताना. लांबून आलेला नेहमी जास्त कामाचा ठरतो. पोटातला आवाज नुसता गोंगाट होतो आणि माईक फाटतो. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, तिथं गर्दी इतकी असते की हात वर करायलाही जागा मिळत नाही. आदल्या दिवशी जाऊन ओळखीच्या कुणाची तरी गॅलरी मागून ठेवा.

रेकॉर्डरचे सेल नवे, शिवाय एक जोडी खिशात. पावसाचे दिवस आहेत, प्लास्टिकची पिशवी आणि माईकवर चढवायचं स्पंजचं टोपरं हवंच. हेडफोन लावूनच रेकॉर्ड करा, कारण कान जे गाळतो ते माईक गाळत नाही. नागपूरकरांसाठी खास सूचना कूलरची. पोळ्याच्या उकाड्यात घरोघरी कूलर पाण्याविना नुसता पंख्यासारखा चालत असतो, घरच्यांना तो ऐकूही येत नाही, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र आजीच्या मागे आगगाडी धावते. कूलर बंद करायला सांगा, आणि मग कुणीही न बोलता त्या खोलीचा एक मिनिट शांत आवाज घ्या. दोन वाक्यं जोडताना मधली भेग बुजवायला तोच लागतो. लोकांना हे विचित्र वाटतं. सगळे श्वास रोखून तुमच्याकडे बघत बसतात आणि मग कुणीतरी हसतंच. आणखी एक मिनिट घ्या.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. नागपूरचा माणूस माईक पाहिला की नागपूरचा राहत नाही. इतवारीतल्या एका आजींना मी मारबतीबद्दल विचारलं, तर त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे ही प्रथा पूर्वापार चालत आलेली आहे.’ शाळेच्या पुस्तकातलं वाक्य. मी आभार मानले, माईक मांडीवर ठेवला, आणि त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘त्या वक्ती तर माय, आमी पहाटेच उठून वाट पाहून राहायचो. पोट्टे छतावर चढून बसून राहायचे, उतरा म्हटलं तर उतरत नव्हते बाप्पा!’ माईक चालूच होता, पण मांडीवर, पदराच्या आवाजात. कामाला आला नाही. तेव्हापासून माझी तयारी अशी असते: पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढून समोर ठेवायचा, पण चालू करायचा नाही. दुसऱ्या भेटीत चालू करायचा, तसं सांगून, आणि पहिली दहा मिनिटं भाजीच्या भावाबद्दल बोलायचं. ‘तुम्हाला काय वाटतं’ असं कधीही विचारायचं नाही, त्याला पुस्तकीच उत्तर येतं. ‘त्या सकाळी घरात पहिलं कोण उठायचं?’ असं विचारा. गावाकडून आलेलं कुणी असेल तर दाराशी पोळ्याला ठेवलेली पळसाची फांदी सकाळी कोण, कुठं नेऊन टाकायचं ते विचारा. आणि तुम्ही स्वतःही ‘करून राहिले’, ‘कावून’ असंच बोला. तुमची भाषा स्टुडिओत वाचायच्या निवेदनात प्रमाण असली तरी चालेल, समोरच्याची मात्र सुधारायची नाही. कुणी ‘हे जरा शुद्ध करून घेऊ का’ म्हणालं तर गोड बोलून नाही म्हणायचीही तयारी ठेवा.

काय लागू शकत नाही, हेही आधीच माहीत हवं. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला, बदनामी, धर्म किंवा समाजावर टीका चालत नाही. आणि बडगे तर नेमकं तेच करायला निघतात! खड्ड्यांवरचा, महागाईवरचा, डासांवरचा बडग्या घ्या, नेत्याचं नाव घेणारा सोडून द्या. ‘नाव गाळून परत म्हणा’ असं मात्र कुणाला सांगू नका. तो मग बडग्या राहत नाही, आणि मिरवणुकीत ते सांगण्याचा आपल्याला अधिकारही नाही. काळी मारबत नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईंशी जोडून सांगतात. त्या इंग्रजांना मिळाल्या म्हणून लोकांचा राग, अशी गोष्ट आहे. ती ‘लोक असं सांगतात’ म्हणूनच ठेवा, निकाल देऊ नका. दुकानांची नावंही जात नाहीत. म्हणजे मिरवणुकीनंतर तर्री-पोहा कुठं खाल्ला ते तुमच्यापाशीच राहणार.

स्टुडिओच्या दिवशी बांगड्या, घड्याळ, खिशातली किल्ल्यांची जुडी बाहेर. कागदांना पिन नको. सुटे ठेवा, एका बाजूला छापलेले, आणि पान उलटवू नका, सरकवा. माईकपासून एक वीत. कोमट पाणी. जेवण साधं, तासभर आधी.

शेवटची तयारी ऐकणाऱ्यांची, ती बहुतेक जण विसरतात. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं तेव्हा हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होतं. आता घरात रेडिओच सापडत नाही. केंद्र लागतं मध्यम लहरींवर, 585 किलोहर्ट्झला. फ्लॅटमध्ये ही लहर नीट पोचत नाही. तेव्हा सेट खिडकीशी ठेवा, एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर त्याच्याजवळ नकोत, ते खरखर करतात. आणि सेट जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहा, कारण आतली अँटेना एका दिशेनं जास्त ऐकते. ज्यांचा आवाज घेतला त्या प्रत्येकाला दिवस आणि वेळ कागदावर लिहून द्या, फोनवर सांगितलेलं राहत नाही. न्यूज ऑन एअर ॲपवर ऐकणार असतील तर घरातला रेडिओ त्या वेळी बंद ठेवायला सांगा. ॲपचा आवाज काही सेकंद मागून येतो आणि आजी स्वतःच्याच मागे बोलू लागतात. आणि हो, त्यांच्या घरचा कूलर तेव्हाही बंद.