पंचगंगेचं मॉडेल जुळतं, तरी पुरात फसतं: या चुका टाळा

“सर, एनएसई ०.८६ आला!” असा पंचगंगेचं मॉडेल बनवणाऱ्या विद्यार्थ्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या वर्षांवर? मॉडेल म्हणजे पावसावरून नदीतलं पाणी काढणारं कॉम्प्युटरवरचं गणित, आणि एनएसई म्हणजे ते प्रत्यक्षाशी किती जुळतं हे मोजणारा, नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० सालचा निकष. १ आला तर मॉडेल अचूक, ० आला तर नुसती सरासरी मांडली असती तरी चाललं असतं. पण कोल्हापूरची पंचगंगा मे महिन्यात जेमतेम वाहते आणि जुलैत दुथडी भरते. ऋतूंमध्ये एवढा फरक असला की प्रत्येक तारखेची जुनी सरासरी काढून ठेवली तरी ठीकठाक आकडा येतो. आधी तो आकडा काढा. तुमचं मॉडेल त्याच्या किती पुढे आहे, तीच खरी कमाई.

चांगला आकडा चुकीच्या कारणानेही येतो, आणि हवामानबदलाचा अभ्यास नेमका तिथेच तोंडावर आपटतो.

माझंच उदाहरण देतो. पहिल्या मॉडेलमध्ये दर पूर प्रत्यक्षापेक्षा एक दिवस उशिरा यायचा. मी पाणी वाहून येण्याचा वेग वाढवत गेलो, आलेख जुळले, मी खूश. मग कळलं की हवामान खात्याचा ५ ऑगस्टचा पाऊस म्हणजे ४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून ५ च्या साडेआठपर्यंतचा. बहुतेक पाऊस ४ तारखेलाच पडलेला असतो. तारखेची चूक झाकायला मी अख्खं खोरं पत्र्याच्या छपरासारखं करून टाकलं होतं. त्या छपरावर भविष्यातला जोरदार पाऊस ओतल्यावर जे पूर आले, ते बघून घाबरायचं की हसायचं, कळेना. पूर सतत एकाच बाजूला सरकत असेल तर पॅरामीटरला, म्हणजे मॉडेल जुळवायला फिरवतो त्या आकड्यांना, हात लावू नका, आधी तारखा बघा.

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली नदीची पातळी भरताना तर डोळ्यांत तेल घाला. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे इथे पोरासोरांना पाठ असतं. पण नोंद फूट-इंचांत असते आणि लिहिताना ४३ फूट ९ इंचांचं ‘४३.९’ होतं. पुढची नोंद ‘४३.१०’, म्हणजे १० इंच. एक्सेल त्यातलं शून्य खाऊन ४३.१ करतं. ऐन पुरात, पाणी चढत असताना, कागदावर नदी आठ-नऊ इंच उतरली! ४३ फूट १० इंच म्हणजे ४३.८३ फूट. फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत भरा, मगच मीटर करा. शिवाय हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच, हे कळल्याशिवाय पूररेषेचा नकाशा काढू नका.

त्याहून अवघड दुखणं पुढे आहे. पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, काढायला आपण रेटिंग कर्व्ह वापरतो, म्हणजे इतक्या पातळीला इतकं पाणी. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग चढत्या पुरातले ४३ फूट वेगळे आणि दोन दिवसांनी ओसरताना दिसणारे ४३ फूट वेगळे. पातळी तीच, विसर्ग निराळा. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळचा महामार्ग काही दिवस बंद राहिला. अशा पाण्याला कर्व्ह लावून मिळालेला ‘निरीक्षित’ विसर्ग हा निम्मा अंदाजच असतो. तिथे हेक-रॅससारखं, नदीपात्रातल्या पाण्याची पातळी काढणारं हायड्रॉलिक मॉडेल घ्या, खालच्या टोकाला कृष्णेची पातळी द्या आणि थेट पातळीशी पडताळा. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर वाढतो का, हा वाद मी इथे काढत नाही, नाहीतर लेख संपायचा नाही.)

आता पाऊस. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पूर्वेच्या शिरोळकडे त्याचा जेमतेम दहावा भाग. बहुतेक जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो, म्हणजे घाट आणि शिरोळ एकाच चौकोनात. त्यात सह्याद्रीची उंचीच सपाट होते. तो पाऊस तसाच मॉडेलला दिला तर नदीत आलेलं पाणी पावसापेक्षा जास्त निघतं आणि विद्यार्थी कर्व्ह नंबर, म्हणजे पावसातलं किती पाणी न मुरता वाहून जातं हे ठरवणारा आकडा, ९८ पर्यंत ढकलतात. कर्व्ह नंबर ९८ म्हणजे डांबरी रस्ता! राधानगरीचं जंगल डांबरी नाही. वर्षभराचा पाऊस, बाष्पीभवन आणि विसर्ग यांचा ताळेबंद आधी कागदावर मांडा. जमत नसेल तर पाऊस चुकलाय, माती नाही.

पावसातली तफावत दुरुस्त करतानाही सावध राहा. सरासरी जुळली म्हणून अतिवृष्टी जुळली असं होत नाही. तापमान एका अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे फरक दिसेल तो अतिवृष्टीच्या मोजक्या दिवसांतच. एकाच हवामान मॉडेलवर विसंबू नका, पाच-सहा घ्या. मॉडेल २०१५ सारख्या कोरड्या वर्षांवर बसवा आणि पडताळणी २०१९ आणि २०२१ च्या पुरांवर करा. पहिली सहा वर्षं कॅलिब्रेशनला (मॉडेल बसवायला) आणि उरलेली तीन पडताळणीला ही सरधोपट वाटणी इथे निरुपयोगी आहे.

मॉडेलमध्ये धरणंही येतात. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात आणि एकातून १,४२८ क्युसेक सुटतं. तिथे ‘अमुक तारखेला अमुक साठा’ असला नियम लावू नका.

शेवटची गोष्ट उन्हाळ्याची. मार्च-एप्रिलमध्ये नदीत पाणी दिसतं म्हणून भूजलाचे पॅरामीटर वाढवत बसू नका. ते पाणी धरणातून सोडलेलं आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडवलेलं असतं. त्यातलं बरंचसं उपशाने उसाला जातं. आणि ऊस म्हणजे मॉडेलमधलं एकसाची पीक नव्हे. आडसाली दीड वर्ष उभा असतो, खोडवा त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो. बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्या, म्हणजे बर्गे, कधी काढले, कधी घातले, याची तारीख सॅटेलाइटवर शोधत बसण्यापेक्षा बंधाऱ्यावर जाऊन विचारा. तिथला माणूस गेल्या पाच वर्षांच्या तारखा तोंडपाठ सांगतो, आणि वर तुम्हालाच विचारतो, “यंदा पाणी कुठवर येणार ओ, साहेब?”