अभिनय आणि व्हीएफएक्स एकत्र करताना या चुका टाळा

अभिनय आणि व्हीएफएक्स (चित्रणावर संगणकाने केले जाणारे दृश्य परिणाम) दोन्ही सांभाळू पाहणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो: वेळ वाटून घे. सकाळ अभिनयाला, संध्याकाळ व्हीएफएक्सला. किंवा तीन दिवस हे, तीन दिवस ते. हिशेब चोख वाटतो, पण ही दोन्ही कामं अशा मापात येतच नाहीत. बहुतेक गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

पहिली चूक: वेळेची अर्धी-अर्धी वाटणी

अभिनयाचा वेळ अचानक येतो. आज संध्याकाळी ऑडिशनचा प्रसंग हातात पडतो आणि उद्या दुपारपर्यंत सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, हवी असते. मग बरेच दिवस काहीच घडत नाही. निवड झाली तरी शूटिंगच्या तारखा पुढेमागे होतात, आणि त्या काळात तुम्ही दुसरं काही कबूल केलेलं चालत नाही. व्हीएफएक्सचं उलट आहे. संकलन लांबतं, शॉट उशिरा लॉक, म्हणजे पक्के, होतात, प्रदर्शनाची तारीख मात्र जागची हलत नाही. त्यामुळे सगळा भार शेवटच्या आठवड्यांवर येतो. दिवसभर केलेल्या कामावरचे शेरे संध्याकाळी येतात आणि दुरुस्ती सकाळच्या आत हवी असते.

म्हणून तास मोजण्याआधी एक गोष्ट तपासा: हातातलं काम मध्येच थांबवता येतं का, आणि दुसऱ्याकडे देता येतं का? चोवीस फ्रेमच्या वेगाने पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. त्यातलं रोटो (रोटोस्कोप: फ्रेममागून फ्रेम आकृतीची कड गिरवणं), वायर काढणं, खुणेचे मार्कर पुसणं, कॅमेरा ट्रॅकिंग (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणं) ही कामं पंचेचाळिसाव्या फ्रेमवर सोडली तरी दुसरा आर्टिस्ट तिथून पुढे नेऊ शकतो. कम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळे थर जुळवून एक दृश्य बनवणं, थोडं अवघड असतं, कारण त्या जुळणीची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, ज्याची त्यालाच कळते. तरी नोड (त्या फाइलमधली एकेक पायरी) नीट गटात मांडले आणि काय बाकी आहे ते दोन ओळींत लिहून ठेवलं, तर तेही सोपवता येतं. लीडची (गटप्रमुखाची) जबाबदारी, क्लायंटसमोरचे रिव्ह्यू, सेटवरची देखरेख, पाइपलाइन (कामाची सगळी साखळी) सांभाळणं ही कामं मात्र सोपवता येत नाहीत. तिथे माणूसच हवा असतो. अभिनय गांभीर्याने करायचा असेल तर निदान काही वर्षं ही पदं नाकारावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पगार आणि मान दोन्ही जास्त असल्यामुळे नकार देणं जड जातं. पण बढती घेतल्यावर पहिली गळते ती ऑडिशन.

हाच प्रश्न अभिनयाच्या बाजूनेही विचारा. डबिंग, छोट्या भूमिका, एक-दोन दिवसांची जाहिरात यांचं वेळापत्रक आधी कळतं आणि लवकर संपतं. नाटकाच्या तालमी बहुधा संध्याकाळी असतात, आणि व्हीएफएक्सचे शेरेही त्याच वेळी येतात. नाटक घेतलं असेल तर त्या काळात डिलिव्हरीच्या, म्हणजे काम पूर्ण करून देण्याच्या, टप्प्यावरचा प्रकल्प घेऊ नका.

आणि डिलिव्हरीच्या आठवड्यातच ऑडिशन आली तर? तासाभरात स्टुडिओत वेळापत्रक सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरला कळवा, रात्र जाऊ देऊ नका. सुरूच न केलेले शॉट परत करा. ऐंशी टक्के झालेले स्वतःकडे ठेवा, कारण तसा शॉट दुसऱ्याला समजून घ्यायलाच अर्धा दिवस लागतो. मग कास्टिंगला (नट निवडणाऱ्यांना) विचारा की टेप काही तास उशिरा चालेल का. वेळेआधी विचारलं तर अनेकदा होकार मिळतो. मुदत टळून गेल्यावर विचारण्यात अर्थ उरत नाही.

दुसरं काम लपवणं

स्टुडिओला वाटेल याचं मन कामात नाही आणि कास्टिंगला वाटेल हा अर्धवेळ नट आहे, या भीतीने बरेचजण दोन्हीकडे गप्प राहतात. मग आजारपणाची कारणं सुरू होतात, आणि एकदा खोटं उघडं पडलं की तारखांबद्दलच्या तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही. कोऑर्डिनेटरला तुमच्या महत्त्वाकांक्षेशी देणंघेणं नसतं, त्याला तारखा हव्या असतात. “अमुक ते अमुक तारखेत मी मिळणार नाही, आणि मध्ये एखादा दिवस ऐनवेळी जाऊ शकतो” एवढं कामाच्या सुरुवातीलाच सांगा. अभिनयाच्या बाजूने तुमच्या एजंटलाही डिलिव्हरीचे आठवडे माहीत असू द्या.

गोपनीयतेची दोन दारं

एरवी नटाला फक्त स्वतःच्या चित्रपटाचं गुपित सांभाळावं लागतं. तुमच्याकडे इतरांचीही गुपितं येतात. प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाच्या प्लेट, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्रण, तुम्ही पाहता, कुणाला कोणती भूमिका मिळाली ते कळतं, शेवट कळतो. गोपनीयतेच्या करारावर सही असली तरी नटांच्या गप्पांत, “हे तर मी पाहिलंय” असं सहज तोंडातून निघतं.

याहून घातक मोह म्हणजे प्लेट पाहून काही प्रसंग पुन्हा चित्रित होणार असल्याचं लक्षात येणं आणि त्या माहितीवर भूमिकेसाठी हालचाल करणं. हे करू नका. दोन्ही क्षेत्रांतली दारं एकाच वेळी बंद होतील.

शोरीलच्या (आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओच्या) बाबतीत नियम सोपा आहे. चित्रपट प्रदर्शित होऊ द्या, स्टुडिओची लेखी परवानगी घ्या आणि शॉटमध्ये नेमकं तुमचं काय ते लिहा: रोटो, कीइंग (हिरवा पडदा काढणं), अंतिम कम्पोझिट, जे असेल ते. आणि दोन वेगळ्या शोरील ठेवा. कास्टिंगच्या माणसाला स्फोट बघायचा नसतो आणि सुपरवायझरला तुमचा रडण्याचा प्रसंग.

सेटवर नट म्हणून गेल्यावरही व्हीएफएक्सवालाच राहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती चांगल्या हेतूने होते. हिरव्या पडद्यासमोर उभा असलेला हा नट जाणतो की मोकळे केस पडद्यापासून वेगळे काढणं त्रासाचं आहे, वेगाने फिरलेल्या हाताची कड धूसर होते, चेहऱ्यासमोरून बोटं गेली की रोटो करणाऱ्याचा दिवस जातो. मग तो नकळत हात आवरतो, मान कमी वळवतो, पडद्याजवळ जायचं टाळतो. शॉट स्वच्छ येतो, पण प्रसंगात जीव राहत नाही.

रोटोस्कोपचा इतिहास आठवा. मॅक्स फ्लायशर यांना त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. विदूषकाच्या वेशात त्यांचा भाऊ डेव्ह कॅमेऱ्यासमोर वावरला आणि मग फ्रेममागून फ्रेम त्याच्या हालचाली गिरवल्या गेल्या. आधी माणूस मोकळेपणाने हलला, रेष मागून आली. हा क्रम अजूनही तोच आहे. हात जिथे जायचा तिथे जाऊ द्या. केस आणि बोटं सांभाळायला तुमच्यासारखेच लोक पुढे बसलेले आहेत.

तुमचं ज्ञान उपयोगी पडतं ते शॉटच्या आधी. समोर जे नंतर येणार आहे त्याची उंची किती, ते कुठून कुठे जाणार, कोणत्या शब्दावर हलणार, एवढं विचारून घ्या. दोन नट एकाच अदृश्य प्राण्याकडे पाहत असतील तर दोघांची नजर एकाच बिंदूवर आहे ना, हे सहकलाकाराशी ठरवा. नजर चुकलेला शॉट सुधारणं फार महाग पडतं, आणि हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असेल? त्यापलीकडे सेटवरच्या सुपरवायझरला न मागता सल्ला देऊ नका. त्याने बजेट, वेळ आणि पुढच्या चाळीस शॉटचा विचार केलेला असतो, तुमच्यासमोर एकच शॉट असतो.

याला जोडूनच आणखी एक. तुम्ही अभिनय केलेल्या चित्रपटाचे शॉट तुमच्याच स्टुडिओत आले, तर स्वतःच्या चेहऱ्याचे शॉट दुसऱ्याला द्यायला सांगा. स्वतःच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं किती पुसायची, याचा निर्णय स्वतः घेऊ नये.

सेल्फ टेपला शॉट समजणं

हातात साधनं असली की वापरावीशी वाटतात. मागची भिंत बदलली जाते, रंग सुधारले जातात, चित्राला थोडी खोली आणली जाते. कास्टिंगला यातलं काहीच नको असतं. चेहरा, डोळे आणि आवाज नीट पोहोचले की झालं. साधी एकरंगी भिंत, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, समोरून मऊ प्रकाश, आणि संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी जवळ. हिरवा पडदा लावून मागे दृश्य टाकलं तर पाहणाऱ्याची नजर कडांवर जाते आणि तुमच्या चेहऱ्यावरून निघते.

टेपमध्ये सतत घरघर येत असेल तर आधी मशिन तपासा. रेंडर (संगणकाने अंतिम चित्रं तयार करणं) चालू असताना पंखे जोरात फिरतात आणि रोजच्या सवयीने तो आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही. रेंडर थांबवा, खोलीत अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका.

घेतलेल्या टेकमधून निवड करताना फ्रेम-फ्रेम पुढे सरकवू नका. तुमचा डोळा दोष शोधण्यासाठी तयार झालेला आहे, म्हणून सगळ्यात निर्दोष टेक निवडला जातो. तो बहुधा सगळ्यात निर्जीव असतो. टेक एकदा पूर्ण वेगाने पाहा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला निवडू द्या.

शरीराला गृहीत धरणं

दहा तास अंधाऱ्या, थंड खोलीत बसल्यावर खांदे पुढे येतात, श्वास वरच्यावर चालतो, घसा कोरडा पडतो आणि चेहरा दिवसभर हललेलाच नसतो. त्याच अवस्थेत उठून टेप केली की सगळं सपाट वाटतं, आणि नट स्वतःच्या अभिनयावर शंका घ्यायला लागतो. दोष बैठकीचा असतो. टेपआधी निदान अर्धा तास चाला, जबडा आणि खांदे मोकळे करा, गुणगुणत आवाज तापवा. डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ सांगतात तो नियम पाळा: दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवर २० सेकंद पाहायचं. मनगट दुखू लागलं तर पेन टॅब्लेट आणि माऊस आलटून पालटून वापरा, आणि दुखणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरकडे जा. कंटिन्युइटी (सगळ्या शॉटमध्ये रूप सारखं ठेवणं) चालू असताना डिलिव्हरीच्या नादात दाढी वाढू देऊ नका, एवढंही इथेच सांगतो.

व्हीएफएक्सला खात्रीचा आधार मानणं

अभिनय बेभरवशाचा आणि संगणकावरचं काम पक्कं, ही समजूत फार जणांची आहे. रिदम अँड ह्यूज या नावाजलेल्या व्हीएफएक्स कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाला. पुरस्कार मिळवणारं काम आणि टिकणारी नोकरी या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओ ठरावीक रकमेला शॉट घेतो, बदल मात्र येतच राहतात, आणि त्या बदलांचा खर्च अनेकदा स्टुडिओच्या अंगावर पडतो. २०२३ मध्ये हॉलिवुडमध्ये नटांचा संप ११८ दिवस चालला. शूटिंग थांबलं की काही महिन्यांनी व्हीएफएक्सकडे येणाऱ्या प्लेटही थांबतात. म्हणजे तुमची दोन्ही उत्पन्नं एकाच वेळी आटू शकतात. शिल्लक ठेवताना एकातला पैसा दुसऱ्याला तारेल असं धरू नका, आणि जमलं तर शिकवणं किंवा जाहिरातींबाहेरचं ग्राफिक्सचं काम असा तिसरा छोटा स्रोत ठेवा.

दोन कामांत भिंत घालणं

दोन्ही कामं जिथे मिळतात ती जागा बरेचजण रिकामी सोडतात. ॲनिमेटर पात्र हलवण्याआधी स्वतः अभिनय करून संदर्भाचा व्हिडिओ घेतात. तिथे खरा नट असेल तर वजन कुठे पडतं, विचार आधी येतो की हालचाल, हे लगेच दिसतं. परफॉर्मन्स कॅप्चरमध्ये, म्हणजे नटाच्या हालचाली टिपून त्या डिजिटल पात्राला देण्याच्या कामात, सत्राच्या सुरुवातीला हात पसरून उभं राहायचं असतं, मग प्रत्येक सांधा पूर्ण फिरवून दाखवायचा असतो. हे कशासाठी आणि मार्कर सरकला तर काय बिघडतं, हे जाणणारा नट तिथे सगळ्यांना हवा असतो. नट अँडी सर्किस यांनी २०११ मध्ये जोनाथन कॅव्हेंडिश यांच्यासोबत परफॉर्मन्स कॅप्चरचा स्वतःचा स्टुडिओ काढला, तो याच जागेत. स्टुडिओत संदर्भ-व्हिडिओसाठी माणूस लागला तर आधी तुम्ही हात वर करा.

स्कॅनचा करार न वाचता सही करणं

चेहऱ्याचा आणि शरीराचा स्कॅन एकदा झाला की त्यातून काय काय करता येतं, हे तुम्ही रोज पाहता. तरी नट म्हणून बोलावणं आलं की आनंदाच्या भरात सही होते. २०२३ च्या त्या संपातला एक मोठा मुद्दा डिजिटल प्रतिकृतीचाच होता आणि त्यानंतरच्या करारात नटाची संमती आणि मोबदला या अटी आल्या. तुमचा करार कुठल्याही संघटनेचा असो वा नसो, चार गोष्टी लेखी मागा: स्कॅन फक्त याच प्रकल्पासाठी आहे का, डेटा कुणाकडे आणि किती काळ राहणार, नवं संवादवाक्य किंवा नवा प्रसंग त्यातून घडवायचा तर वेगळी संमती घेतली जाणार का, आणि यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठी तो वापरला जाणार का. स्टुडिओतल्या नोकरीचा करारही याच नजरेने वाचा. नोकरीत असताना तुम्ही जे काही घडवाल ते कंपनीचं, असं कलम असेल तर तुमची संदर्भ-व्हिडिओतली कामगिरी, तुमचा आवाज आणि तुमचा चेहरा त्यातून वगळल्याचं एक वाक्य रुजू होण्याआधीच लिहून घ्या.