पुस्तकावर लिहायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर आधी घरातला गाळ काढला आणि मग नगर वाचनालयात गेले. १८६९ सालचं वाचनालय, माझं सभासदत्व शाळेपासूनचं. हजारो पुस्तकं भिजून फुगली होती. कपाटातून एक ओढायला जावं तर शेजारची चार चिकटून यायची. त्या चिखलात एका कादंबरीचा नुसता पुठ्ठा माझ्या हाताला लागला. लेखक आमच्याच जिल्ह्यातले, पुस्तक चाळीसेक वर्षांपूर्वीचं, आणि दुसरी आवृत्ती निघालीच नाही. कॉलेजात असताना मी ते दोनदा वाचलं होतं.

त्या आठवड्यात बँक बंदच होती. ओल्या भिंतींच्या घरात बसून मी त्या कादंबरीवर दोन पानं लिहिली. जेवढं आठवत होतं तेवढंच: दुष्काळात जनावरं छावणीला नेणारी बाई, तिच्या तोंडची आटपाडीकडची बोली, विहीर खणतानाचं ते एक प्रकरण. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीनं ते छापलं. दोन दिवसांनी मिरजेहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. "ताई, माझ्याकडं हाय ती कादंबरी. वाचनालयाला देऊ का?" दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले आणि पिशवीतून, दोन वर्तमानपत्रांत गुंडाळलेली ती प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

तेव्हापासून महिन्याला एका पुस्तकावर लिहिते. नोकरी बँकेत, हे काम रात्रीचं आणि रविवारचं. आता कॉलेजची मुलं, नव्यानं नोकरीला लागलेले तरुण विचारतात, आम्हालाही पुस्तकांवर लिहायचंय, सुरुवात कशी करू? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण लिहितो ते योग्य वाचक त्या पुस्तकापर्यंत जावा म्हणून. लेखकाला शाबासकी देण्यासाठी नव्हे आणि आपलं वाचन किती दांडगं आहे ते दाखवण्यासाठीही नव्हे. बाकी सगळं मी याच एका कसोटीवर घासून पाहते. कोल्हापूर रस्त्यावरच्या दुकानात कुणी जाऊन "ते विहिरीचं प्रकरण असलेलं पुस्तक आहे का?" असं विचारलं, की माझा लेख कामाला आला.

नवा लिहिणारा हमखास कथानक सांगत सुटतो. सहाशे शब्दांतले साडेचारशे त्यातच जातात आणि उरलेल्यात "भाषा ओघवती आहे", "मुखपृष्ठ समर्पक आहे", "प्रत्येकानं वाचावं असं पुस्तक". ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात, म्हणून ती कुठल्याच पुस्तकाची नसतात. मी काय करते ते सांगते. पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल घेत नाही. वाचक म्हणून वाचते, कंटाळा आला तर येऊ देते. दुसऱ्या वाचनाला शंभरपानी वही शेजारी असते. त्यात पान क्रमांक आणि तीन-चार शब्द, एवढीच नोंद. उदाहरणार्थ, "पा. ४७, आजी हिशोब चुन्यानं भिंतीवर लिहिते." मग पुस्तक मिटून बाजूला ठेवते आणि पहिला खर्डा न बघता लिहिते. जे आठवतं तेच पुस्तकानं माझ्यात ठेवलेलं असतं. नंतर वहीतून तपासते, कारण आठवणीतली वाक्यं बदललेली असतात आणि लेखकाच्या तोंडी न लिहिलेलं वाक्य घालणं हा अन्याय आहे.

त्या भिंतीवरच्या हिशोबासारखा एक तपशील सापडला की अर्धा लेख झाला. पुस्तक कशावर आहे हे मलपृष्ठावर छापलेलं असतंच. ते कसं आहे, हे वाचकाला तुमच्याकडूनच कळणार.

लेखाच्या शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत आणि पुस्तक कुठं मिळेल ते द्या. हे रुक्ष वाटतं म्हणून बरेच जण गाळतात. पण पुस्तक मनात भरलं आणि मिळण्याचं ठिकाण ठाऊक नाही, असा वाचक दोन दिवसांत ते विसरतो. लेखक स्वतः प्रती पाठवत असतील तर त्यांना विचारून तसं लिहा.

आता माझी एक चूक. चौथ्या की पाचव्या लेखाच्या वेळी ओळखीतल्या एका कवयित्रीचा संग्रह आला. प्रकाशन समारंभ तोंडावर, त्यांचा आग्रह आणि माझा भिडस्त स्वभाव. निम्म्या कविता वाचून मी भरभरून लिहिलं. महिन्याभरानं वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी एक मुलगी भेटली. कापडाच्या दुकानात काम करणारी, पगारातून महिन्याला एकच पुस्तक घेणारी. ती म्हणाली, "तुमचं वाचून घेतलं मी. मला काही ते लागलं नाही, माझंच चुकलं असेल." तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिचे दोनशे रुपये आणि तिचा महिना माझ्यामुळं गेला होता. त्या दिवसापासून अखेरच्या पानापर्यंत न वाचलेल्या पुस्तकावर मी एक ओळ लिहिलेली नाही. भेटप्रत आली असेल तर लेखात तसं स्पष्ट सांगते, आणि भेटप्रत घेतली म्हणजे लिहिलंच पाहिजे असं नाही हे पाठवणाऱ्याला आधीच कळवते. पैसे देऊन लेख लिहून मागणारेही भेटतील. तिथं नको म्हणायला जड जातं, तरी म्हणा.

लेखकाला आधार द्यायचा म्हणजे काय, हे आकड्यांत समजून घेतलं पाहिजे. मराठीत आवृत्ती एके काळी हजार प्रतींची असायची, आता पाचशेचीही निघते. रॉयल्टी ठरलीच तर ती साधारण दहा टक्के. दोनशे रुपयांच्या पुस्तकामागं लेखकाला वीस रुपये, आणि पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी दहा हजार. तेही खपल्या तर. जत, कवठेमहांकाळ, खानापूर भागातले कितीतरी लिहिणारे स्वतःच्या खिशातून पुस्तक छापतात. एका कवीच्या घरी गेले होते. कॉटखाली गठ्ठे, गठ्ठ्यांवर धुण्याची बादली. चांगल्या कविता होत्या. प्रकाशनाला दीडशे माणूस जमला होता, सगळ्यांना प्रत फुकट दिली गेली, आणि पुढं कुणी एक शब्द कळवला नाही. अशा माणसाला हारतुऱ्यापेक्षा एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड जास्त काळ पुरतं. म्हणून लेख छापून आला की त्याचं कात्रण लेखकाला पाठवते, सोबत दोन ओळी लिहिते. आणि प्रत विकत घेते. ओळखीच्या लेखकाकडून पुस्तक फुकट घेण्याची आपली सवय मोडायला हवी.

वेळेचंही भान ठेवा. पुस्तक आल्या-आल्या सगळेच बोलतात. चार-सहा महिन्यांनी दुकानातल्या पुढच्या फळीवरून ते मागं जातं, त्या वेळी आलेला लेख जास्त उपयोगी पडतो. दुसरं म्हणजे वाचनालयांची खरेदी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळं आपल्याकडं गावोगाव शासनमान्य ग्रंथालयं उभी राहिली. अ, ब, क, ड वर्गांप्रमाणं त्यांना अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्चायचा असतो. माझ्या पाहण्यात ही खरेदी बहुतेकदा मार्चअखेरीच्या आधी उरकली जाते. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत तुमच्या वाचनालयात जाऊन मागणीच्या वहीत पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशक लिहा. ती वही रिकामी पडलेली असते, ग्रंथपालांना विचारून बघा. पाच सभासदांनी एकच नाव लिहिलं तर ते पुस्तक येतं, हे मी दोनदा अनुभवलंय. ज्याला लेख लिहिणं अजून जमत नाही, त्यानं इथून सुरुवात केली तरी चालेल.

अवतरणांबद्दल थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी उचित प्रमाणात उतारा वापरायची मुभा देतं. गद्यातली चार-सहा वाक्यं देताना अडचण येत नाही. कवितेत मात्र जपा. आठ ओळींची कविता छापली तर ती आख्खी कलाकृती झाली. दोन ओळी द्या आणि बाकीच्यांसाठी वाचकाला संग्रहाकडं पाठवा.

आवडलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिलंच पुस्तक असेल आणि ते फसलं असेल, तर मी त्यावर जाहीर लिहीत नाही. लेखकानं विचारलं तर समोर बसून, पान उघडून सांगते. पुस्तकात दम आहे पण काही जागा कच्च्या आहेत, असं असेल तर त्या जागा लेखात लिहिते, पान क्रमांकासकट. लेखक दुखावतात, काही बोलेनासे होतात. एका कादंबरीकारानं दोन वर्षं अबोला धरला आणि पुढच्या पुस्तकाचा खर्डा घेऊन तेच दारात उभे राहिले. दोष सांगणारा माणूस आपलं पुस्तक खरंच वाचतो, हे त्यांना पटलं होतं.

हे काम दुय्यम आहे असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. २००८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या सांगलीत झालं, तेव्हा अध्यक्ष होते म. द. हातकणंगलेकर. विलिंग्डन महाविद्यालयात शिकवणारा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेखनावर निष्ठेनं लिहिणारा समीक्षक. ज्या जिल्ह्यानं वि. स. खांडेकर आणि माडगूळकर बंधू दिले, त्याच जिल्ह्यात या माणसाला तो मान मिळाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

माणसं कुठं भेटतील? मकर संक्रांतीला औदुंबरला चला. कृष्णाकाठी सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन कित्येक दशकं त्याच दिवशी भरतं. तिळगूळ देता-घेता पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून दाखवणारे लेखक भेटतात, शहरातल्या दुकानांत ज्यांची नावंही पोचत नाहीत असे. माझ्या निम्म्या लेखांची पुस्तकं तिथं हाताला लागली. आणि एकदा सवड काढून सातारा, वाई, पाचगणी करत भिलारला जाऊन या. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. स्ट्रॉबेरीच्या रानांमधल्या घरांत जायचं, कपाटातलं पुस्तक काढायचं आणि तिथंच बसून वाचायचं. मी गेले तेव्हा एका पडवीत साताऱ्याहून आलेले आजोबा नातवाला मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि घरातली वहिनी परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत ऐकत होती. मी अर्धा तास काही न वाचता त्यांच्याकडंच बघत बसले.

त्या कादंबरीचं पुढं काय झालं ते राहिलं. मिरजेच्या सरांची प्रत वाचनालयात आली, मागणी वाढली, पानं सुटायला लागली. मग आम्ही चौघांनी लेखकाच्या मुलीचा पत्ता शोधला आणि तिच्या गावी गेलो. वडिलांचं पुस्तक अजून कुणी मागतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं ट्रंकेतून त्यांची स्वतःची प्रत काढली. समासात निळ्या शाईनं केलेल्या दुरुस्त्या होत्या, दुसऱ्या आवृत्तीसाठी. सध्या त्या दुरुस्त्या धरून मजकूर पुन्हा टाइप करायचं काम चाललंय. एकशे बारा पानं झालीत. मुद्रितं तपासायला दोन माणसं कमी आहेत. रविवारी सकाळी दहाला आम्ही वाचनालयात बसतो.