ईटीपी-एसटीपी ऑपरेटर व्हायचंय? आधी गाळ वाचायला शिका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर लागतो तो साखर कारखान्यांत, उद्यमबाग-मच्छे-होनग्याच्या औद्योगिक वसाहतींत, हॉस्पिटल आणि मोठ्या अपार्टमेंटांत, शिवाय गावच्या एसटीपीवर. गोवा जवळ असल्यानं तिथल्या हॉटेलांचे एसटीपी हाही एक मार्ग आहे. कारखान्याच्या पाण्याचा तो ईटीपी, संडास-मोरीच्या पाण्याचा तो एसटीपी. यंत्रं दोन्हीकडं जवळपास तीच, पण पाण्याचा स्वभाव अगदी वेगळा.

एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर, आयटीआय केलेल्यांना हे काम जमतं. फिटर आणि इलेक्ट्रिशियन चालतात, केमिकल प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड सगळ्यात जवळचा. बीएस्सी केमिस्ट्रीवाले लॅबच्या बाजूनं आत येतात. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सचा सांडपाणी तंत्रज्ञाचा अभ्यासक्रमही आहे. प्रमाणपत्र घ्याच, पण ते मिळालं म्हणजे प्लांट चालवता आला असं होत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक तयारी करावी. लॉगबुक बहुतेक इंग्रजीत असतं आणि पाट्या कन्नडमध्ये. 'अपाय' म्हणजे धोका, 'एच्चरिके' म्हणजे सावधान, 'प्रवेशविल्ल' म्हणजे आत यायला मनाई. हे तीन शब्द कन्नड अक्षरांत डोळ्यांना ओळखता आलेच पाहिजेत.

प्लांटची वाट सरळ आहे. जाळी, वाळू बसण्याची टाकी, पाणी साठवून एकसारखं करणारी इक्वलायझेशन टाकी, मग हवेची टाकी, तिच्यामागं गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर, मग वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर, शेवटी क्लोरीन. यातली हवेची टाकी म्हणजे गोठा समजा. तिथं कोट्यवधी जीवाणू पाण्यातली घाण खाऊन जगतात. ऑपरेटरचं काम त्यांना चारा, हवा आणि जागा वेळेवर देण्याचं. मोटरी आणि व्हॉल्व्ह त्यासाठीच आहेत.

या जीवाणूंची तब्येत कळते ती एक लिटरच्या मेझरिंग सिलिंडरमध्ये. नव्या माणसानं पहिला महिनाभर दुसरं काही नाही शिकलं तरी चालेल, ही एक चाचणी हातात बसली पाहिजे. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, चालू असताना हवेच्या टाकीच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडून, फेस बाजूला सारून, फूटभर खालचं पाणी घ्या. सिलिंडर 1000 च्या खुणेपर्यंत भरा आणि सपाट जागी सावलीत ठेवा. उन्हात ठेवला तर पाणी तापून आत हालचाल होते आणि आकडा खोटा येतो. 30 मिनिटांनी गाळ किती मिलिलिटरवर बसला ते वाचा. हा एसव्ही-30. समजा 300 आला, आणि लॅबमध्ये एमएलएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणारा एकूण गाळ, लिटरला 3000 मिलिग्रॅम आला. 300 ला 1000 नं गुणून 3000 नं भागा: 100. हा एसव्हीआय. 100 च्या आसपास गाळ छान बसतो, 150 च्या वर गेला की तो फुगायला लागलाय. फक्त एसव्ही-30 वाढला म्हणून घाबरू नका. गाळ जास्त झाला म्हणून आकडा वाढला की गाळ बसेनासा झाला म्हणून, हे एसव्हीआयच सांगतो. पहिल्या कारणावर उपाय गाळ काढणं, दुसऱ्यावर हवा आणि खुराक तपासणं. इथं गल्लत केली की फुगलेला गाळ काढत बसता आणि टाकी रिकामी होते.

सिलिंडर लगेच ओतून टाकू नका. तासभर, दोन तास तसाच राहू द्या. बसलेला गाळ बुडबुड्यांसह ढेकळांनी वर आला, तर क्लॅरिफायरमध्येही तेच होणार आहे. खाली फार वेळ पडून राहिलेल्या गाळातून नायट्रोजन वायू सुटतो आणि गाळाला उचलतो. क्लॅरिफायरमधला गाळ हवेच्या टाकीत परत पाठवणारा पंप जास्त वेळ चालवा, ते पुष्कळदा पुरतं. वरचं पाणी गढूळ आणि गाळ करडा, वास कुजका, म्हणजे हवा कमी. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा. पांढरा साबणासारखा फेस नव्या, कोवळ्या गाळाचा असतो. तपकिरी, दाट, सायीसारखा फेस जुन्या गाळाचा, तिथं गाळ काढायला हवा. पण रोज थोडा काढा, टाकीतल्या एकूण गाळाच्या दहाव्या भागाहून जास्त एका दिवसात नको.

आपल्याकडं गाळ काढण्याला पावसाचं गणित आहे. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर वाळवण्याचे वाफे कोरडे होतच नाहीत. गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र, म्हणजे फिल्टर प्रेस, नसेल तर मे संपायच्या आत वाफे खरवडून मोकळे करा आणि टाकीतल्या गाळाचा आकडाही कमी करून ठेवा. पावसाचं पाणी गटारात शिरलं की प्रवाह एकदम वाढतो, आणि टाकीत गाळ जास्त असेल तर तो क्लॅरिफायरच्या कडेवरून वाहून जातो. महिनाभर वाढवलेले जीवाणू एका रात्रीत नाल्यात.

चारा किती मिळतोय याचाही हिशेब रोज करा. दिवसाला 100 घनमीटर पाणी, बीओडी, म्हणजे जीवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 250 मिलिग्रॅम, म्हणजे 25 किलो चारा. टाकी 80 घनमीटरची, गाळ 3000, म्हणजे 240 किलो जीवाणू. 25 भागिले 240, उत्तर 0.1. अपार्टमेंटच्या जास्त वेळ हवा देणाऱ्या प्लांटला हे ठीक आहे.

साखर कारखान्यात वेगळीच पंचाईत. पाण्यात साखर भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. जीवाणूंना 100 किलो बीओडीमागं 5 किलो नायट्रोजन आणि 1 किलो फॉस्फरस लागतो. 5 किलो डीएपीतून 1 किलो फॉस्फरस आणि 0.9 किलो नायट्रोजन मिळतं, उरलेल्या नायट्रोजनसाठी साधारण 9 किलो युरिया. शेतात खत टाकणाऱ्या घरातल्या मुलांना हे गणित पटकन कळतं. खत ड्रममध्ये विरघळवून दिवसभर थेंबाथेंबानं सोडा, पोतं थेट टाकीत पालथं करू नका. खत कमी पडलं की दोऱ्यासारखे जीवाणू माजतात आणि गाळ फुगतो.

गाळप सुरू व्हायच्या 3-4 आठवडे आधी ईटीपी जागा करावा लागतो. चालू प्लांटचा गाळ मिळाला तर उत्तम. नाही तर शेणाचा काला, जाळीतून नक्की गाळून घेतलेला, कारण काडी-कचरा डिफ्युझरची, म्हणजे टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागाची, भोकं बुजवतो. त्यावर रोज गूळ, युरिया, डीएपी. गाळ 2000 वर आला की कारखान्याचं पाणी आधी चौथाई, मग निम्मं, मग पूर्ण. बॉयलर पेटल्या दिवशी सगळं पाणी एकदम घेतलं तर हंगामाचा पहिला महिना वास आणि नोटिसांत जातो. हंगामात दोन गोष्टींवर डोळा ठेवा. इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवण्याची भांडी, कॉस्टिक सोड्यानं धुतात त्या दिवशीचं पाणी वेगळ्या टाकीत अडवा आणि पीएच बघत थोडं थोडं सोडा. आणि साखर गळतीला कमी लेखू नका. 50 किलोचं एक पोतं पाण्यात गेलं की 56 किलो सीओडी, म्हणजे घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन, वाढतो. कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात, साखर आली का, हे लॅबवाले अल्फा-नॅफ्थॉलनं पाहतात, जांभळं कडं उमटतं. त्या शिफ्ट केमिस्टशी तुमचा रोजचा संबंध असला पाहिजे, म्हणजे खबर आधी मिळते.

उद्यमबागेत प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं, काम असेल तर जीवाणूंच्या आधी रसायन येतं. पिवळं क्रोमियमचं पाणी पीएच 2 ते 3 वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, रंग हिरवा झाला की चुन्यानं पीएच 8.5 ते 9 वर नेतात आणि गाळ खाली बसतो. त्या पाण्यात सायनाइडचं पाणी चुकूनही मिसळू नका. आम्लात सायनाइड गेलं की जीवघेणा वायू सुटतो. हा गाळ शेतात किंवा रस्त्याकडेला टाकायचा नसतो, तो घातक कचरा म्हणूनच अधिकृत ठिकाणी जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इक्वलायझेशन टाकी, गाळाचा खड्डा, पंपाची विहीर, यांत कुणाच्याही सांगण्यावरून उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दशलक्षात 100 भागांच्या पुढं नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस उतरतो. पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आत जाणं टळतच नसेल तर आधी पंपानं टाकी रिकामी, ब्लोअरनं हवा, वायूमापकावर ऑक्सिजन किमान 19.5 टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात 10 भागांच्या खाली, अंगात हार्नेस, वर तिवई आणि दोन माणसं, शिवाय लेखी परवानगी. यातलं एक जरी नसलं तर नाही म्हणा. संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणाला सेप्टिक टाकी किंवा गटारात उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

क्लोरीनला लहान प्लांटवर हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, वापरतात. 100 घनमीटरला लिटरमागं 5 मिलिग्रॅम द्यायचा तर 500 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 10 टक्क्यांचा हायपो सुमारे 5 लिटर. कॅन उन्हात राहिला की त्याची ताकद उतरते, म्हणून डोस कॅनवरच्या आकड्यावर न ठरवता बाहेर पडणाऱ्या पाण्यात उरलेल्या क्लोरीनवर ठरवा. वाळूच्या फिल्टरवर आत-बाहेरच्या दाबात चौरस सेंटिमीटरला 0.5 ते 0.8 किलोचा फरक पडला की 10-15 मिनिटं उलटं धुवा.

ब्लोअर सुरू करताना बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा आहे हे आधी हातानं पाहा. ट्विन लोब ब्लोअर बंद व्हॉल्व्हवर सुरू केला की दाब चढत जातो आणि मोटर तरी जाते नाहीतर पट्टा. दाब दर महिन्याला थोडा थोडा चढत असेल तर डिफ्युझर बुजतायत. पट्ट्याचा ताण, तेलाची पातळी, हवेचा फिल्टर रोज बघा.

रात्रपाळीला लाईट गेली की पहिली नजर घड्याळाकडं टाका आणि वेळ लिहून ठेवा. हवेविना 4-6 तासांत टाकी काळी पडायला लागते. ब्लोअर जनरेटरच्या लाईनवर आहे का, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. लाईट आली की आधी ब्लोअर, मग गाळ परत पाठवणारा पंप, आणि टाकीचा रंग पुन्हा तपकिरी झाल्यावरच नवं पाणी, तेही निम्म्या प्रवाहानं. लॉगबुकात बंद वेळ बंद म्हणूनच लिहा. मागच्या पानावरचे आकडे पुढं उतरवले तर सकाळच्या पाळीवाल्याला सिलिंडरमध्ये दिसणाऱ्या गढूळ पाण्याचं कारण सापडत नाही, आणि तो चांगला गाळ उपसून टाकतो.