बर्फाच्या मशीनची पाण्याची आणि ड्रेनची जोडणी

ज्यूस सेंटरमध्ये किंवा छोट्या हॉटेलात काउंटरखाली बर्फाचं मशीन बसवताना सगळं लक्ष पाण्याच्या जोडणीकडे जातं, आणि पुढे त्रास होतो तो ड्रेनचा. म्हणून जागा ठरवतानाच नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी गटारात नेणारं जाळीचं तोंड, कुठे आहे ते बघा. पाण्याची लाइन लांबून फिरवून आणता येते. ढाळ तसा आणता येत नाही.

ड्रेनचं तोंड जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर असतं आणि पाणी तिथून केवळ उताराने जातं. दर फुटाला पाव इंच ढाळ धरा, म्हणजे आठ फुटांना दोन इंच. पाइपचं टोक ट्रॅपच्या जाळीत खुपसू नका. जाळी आणि टोक यांत पाइपच्या व्यासाच्या दुप्पट मोकळं अंतर हवं, एक इंची पाइपला दोन इंच. गटार तुंबलं तर घाण पाणी बर्फात चढू नये, यासाठी ही हवेची फट आहे. ती कधीही बुजवू नका. ढाळ आणि फट मिळून उंची पुरत नसेल तर मशीन स्टँडवर चढवा. तेही जमत नसेल तरच ड्रेन पंप लावा, आणि पंप बंद पडला की मशीनही थांबेल अशी वायरिंग करून घ्या.

ड्रेनला कडक पीव्हीसी पाइप वापरा. लवचीक होज मध्येच झोळ खाते, झोळात पाणी साचतं, तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि लाइन तुंबते. बर्फ साठवायच्या पेटीला कूलिंग नसतं, त्यामुळे बर्फ थोडाथोडा वितळतच असतो आणि ड्रेन रात्रंदिवस वाहतो. मशीनला पेटीचा आणि यंत्राचा असे दोन ड्रेन असतील तर दोन्ही वेगळे ट्रॅपपर्यंत न्या. एकत्र जोडले की यंत्रातून एकदम सुटलेलं पाणी उलटं पेटीत शिरतं आणि तयार बर्फ वितळवतं. थंड पाण्यामुळे पाइपला बाहेरून घाम येतो. लाकडी फर्निचरजवळून जात असेल तर फोमची नळी चढवा.

आता पाणी. बहुतेक मशीनना साधारण १ ते ५ बार दाब लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. १ बारसाठी टाकीतलं पाणी मशीनच्या वर सुमारे १० मीटर हवं. दुमजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याला ६-७ मीटरच देते. व्हॉल्व्हमधून पाणी नीट भरत नाही, क्यूब अर्धवट आणि पोकळ पडतात. अशा ठिकाणी छोटा प्रेशर पंप लागतोच.

अर्धा इंची सीपीव्हीसी लाइनवर आधी बॉल व्हॉल्व्ह, मग ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, मग कार्बन फिल्टर आणि शेवटी मशीनची होज, असा क्रम ठेवा. बोअरचं पाणी असेल तर क्षार रोखणारं काहीतरी हवंच, नाहीतर बर्फाच्या साच्यावर पांढरा थर चढतो आणि क्यूब सुटत नाहीत. आरओ लावताना मात्र विचारून घ्या. फारच कमी टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) पाणी काही मशीनच्या पातळी ओळखणाऱ्या प्रोबला कळतच नाही.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या जोडावर गुंडाळा. होजच्या रबरी वायसरच्या जोडाला ती लागत नाही. प्लॅस्टिकचा नट हाताने आवळून वर पाव फेरा पुरे, जास्त आवळला की तडकतो. पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्या. होज जोडण्याआधी एक बादली पाणी लाइनमधून सोडा, नाहीतर पाइप कापल्याचा कीस इनलेट व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसतो.

मशीन लेव्हलमध्ये करा. पेटीत चार-पाच लिटर पाणी ओता. ते न थांबता निघून गेलं पाहिजे. मग मशीन सुरू करा, पहिले दोन-तीन घाणे टाकून द्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून पाहा. पाण्याच्या होजला मागे दीड-दोन फूट सैल वेटोळं ठेवा आणि ड्रेनला मशीनजवळ युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड) घाला. कंडेन्सर (मशीनची उष्णता बाहेर टाकणारा भाग) साफ करायला मशीन पुढे ओढावं लागतं.