भरतीचं ग्राउंड: फिजिकल टेस्टची तयारी नेमकी कशी करायची

भरतीची जाहिरात आली की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, रनिंग निघेल का? मी उलटं विचारतो, तुमच्या टेस्टमध्ये काय काय आहे, किती वेळात आहे आणि मोजतात कसं, हे वाचलंय का आधी? बऱ्याच जणांनी वाचलेलंच नसतं, कुणीतरी सांगितलं म्हणून पहाटे उठून पळायला लागलेले असतात. मीही त्यातलाच होतो. रोज ७-८ किलोमीटर आरामात पळायचो, अंगात दम भरपूर होता, आणि तरी पहिल्या ग्राउंडला १६०० मीटरमध्ये आपटलो, कारण हळू पळायची सवय लागली होती आणि तिथे तर पहिल्या सेकंदापासून छाती फाटेल असा वेग लागतो. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय, जी टेस्ट द्यायची आहे तीच, तिच्याच नियमाने, घड्याळ लावून करायची, बाकी सगळा व्यायाम तिच्या मदतीला.

तर पहिलं काम, ताज्या जाहिरातीतला फिजिकलचा भाग प्रिंट काढून भिंतीला लावा. नियम बदलत असतात, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि त्यात एक गोष्ट खास बघा, मार्क आहेत की नुसतं पास-नापास आहे. हा फरक फार मोठा आहे राव. भारतीय लष्करात अग्निवीर जनरल ड्यूटीला १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत मारलं तर ६० मार्क आणि १० पुलअप्सना ४० मार्क, पण ९ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला मार्कच नाहीत, ते फक्त पास व्हायचं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत ५० मार्कांचं ग्राउंड, त्यात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. जिथे मार्क मेरिटला धरतात तिथे 'निघालं म्हणजे झालं' चालत नाही, आउट ऑफ मार्क, म्हणजे पैकीच्या पैकी, काढायचेत म्हणूनच पळायचं. उलट जिथे पास-नापास आहे तिथे रेकॉर्ड तोडायची गरज नाही, पण हातात थोडं शिल्लक ठेवा, म्हणजे सरावात हद्दीपेक्षा ५ टक्के तरी चांगली वेळ यायला हवी, कारण परीक्षेच्या दिवशी झोप नसते, ताण असतो, तासन्‌तास रांगेत उभं राहिलेलं असतं.

रनिंग

पहिल्याच आठवड्यात एकदा पूर्ण टेस्ट देऊन बघा, कितीही लाज वाटली तरी. ती वेळ लिहून ठेवा. मग टार्गेट वेळेचे तुकडे करा. १६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर ४ लॅप, ५:३० हवे असतील तर एक लॅप ८२ सेकंदांच्या आसपास, बस. आता आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरचे ६ तुकडे मारायचे, प्रत्येक ८० सेकंदात, मधे २ मिनिटं चालणं. पहिले दोन सोपे वाटतील, चौथ्याला कळेल. ६ ही वेळेत बसायला लागले की ८ करा, किंवा मधली विश्रांती दीड मिनिटावर आणा, पण दोन्ही एकदम नको. आत्ता तुमचा लॅप ९५ ला येत असेल तर ८० चा हट्ट धरू नका, ९२ पासून सुरुवात करा आणि दोन-दोन सेकंद खाली या.

दुसऱ्या एका दिवशी १५-२० मिनिटं सलग, जरा दमवणाऱ्या वेगाने, म्हणजे एखादा शब्द बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत असं. तिसऱ्या दिवशी लांब आणि एकदम हळू, गप्पा मारत. बास, रनिंगचे तीनच दिवस, फार तर चार. रोज फुल स्पीडने १६०० मारणारे खूप बघितलेत, महिन्याभरात एकतर नडगी धरतात नाहीतर वेळ तिथेच अडकून बसते. पूर्ण टेस्ट दर तीन आठवड्यांनी एकदा पुरे. आणि या सगळ्याला साधारण १२ आठवडे द्या, जाहिरात आल्यावर सुरू करायचं असेल तर उशीर झालाय असंच समजा.

आता शर्यतीतली अक्कल. सगळे सुटतात तसं सुटू नका. पहिला लॅप गर्दीच्या नादात ७० सेकंदात जातो, भारी वाटतं, आणि तिसऱ्या लॅपला पाय दगड होतात, माझं हेच झालं होतं. पहिला लॅप टार्गेटपेक्षा दोन-तीन सेकंद फास्ट चालेल, त्याहून जास्त नको. खरी परीक्षा तिसऱ्या लॅपची असते, तिथेच मन म्हणतं थोडं स्लो हो, म्हणून सरावात तिसरा तुकडा नेहमी जरा जोर लावूनच मारा. आणि वळणावर बाहेरून ओव्हरटेक करू नका, स्टँडर्ड ट्रॅकवर एक लेन बाहेरून पूर्ण फेरी मारली की ७ मीटरहून जास्त अंतर फुकट पडतं. सरळ पट्टीवर पुढे काढा.

बीप टेस्ट असेल तर गणित वेगळं. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये बीपवर येरझाऱ्या, दर मिनिटाला वेग वाढत जातो, लेव्हल ८ ला ताशी १२ किलोमीटरचा वेग असतो म्हणजे एक फेरी ६ सेकंदात. ब्रिटनमधल्या बऱ्याच अग्निशमन दलांना ८.७ लेव्हल (म्हणजे आठव्या लेव्हलची सातवी फेरी) लागते, तिथल्या पोलिसांना ५.४, पण पोलिसांचं अंतर १५ मीटर असतं, म्हणून आपल्या टेस्टचं अंतर बघून टेप लावूनच सराव करा. या टेस्टमध्ये माणूस दमतो तो वळण्यात. थांबायचं, वळायचं, परत वेग पकडायचा, हे पन्नास-साठ वेळा. शेवटच्या दोन पावलांत कंबर खाली घ्या, एक पाय रेषेवर टेकवा, गोल वळसा घालू नका, आणि एकदा उजव्या एकदा डाव्या पायावर वळा नाहीतर एकाच मांडीची वाट लागते. सुरुवातीच्या लेव्हलला बीपच्या आधी पोचून उभे राहणारे हिरो असतात, त्यांची ती ताकद फुकट जाते. बीपबरोबर पोचायचं.

दम किती आहे याचा अंदाज हवा असेल तर कूपर टेस्ट करा. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली, १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर पळता ते मोजायचं. त्यातून ५०५ वजा करा आणि ४५ ने भागा, ढोबळ व्हीओटू मॅक्स येतं, म्हणजे पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप. २४०० मीटर पळालात तर ४२ च्या आसपास, आणि ब्रिटनच्या अग्निशमन दलांसाठी सुचवलेला आकडा ४२.३ आहे, म्हणजे कुठे आहोत ते कळतं.

पुलअप्स आणि पुशअप्स

इथे लोक ताकदीमुळे कमी आणि 'धरला नाही' मुळे जास्त मार्क घालवतात. तुम्ही १२ मारता आणि मोजणारा ८ म्हणतो. हात पूर्ण सरळ, हनुवटी बीमच्या वर, पायाने झोका नाही, असा एक म्हणजे एक. म्हणून सरावाला एक कडक मित्र उभा करा, जो अर्धवट रेप (म्हणजे एकेक पुलअप किंवा पुशअप) सरळ रद्द करेल, त्याचा राग येईल पण कामाला तोच येतो. अमेरिकी लष्कराच्या टेस्टमध्ये तर पुशअपला खाली गेल्यावर छाती टेकवून दोन्ही हात जमिनीवरून उचलावे लागतात, नेहमीचे ६० मारणारा तिथे ३० ला गार पडतो.

एकही पुलअप निघत नसेल तर, मुली असोत की मुलं, निगेटिव्हने सुरुवात करा. स्टूलवर चढून हनुवटी वर घ्या आणि ५ सेकंद घेत हळूहळू खाली या. ३ वेळा, असे ५ सेट, आठवड्यातून तीनदा. सोबत नुसतं लटकणं, ३० सेकंद, मग ४५, मग मिनिटभर, कारण बरेचदा पाठ दमायच्या आधी पकड सुटते. आणि ५-६ वर अडकलेल्यांनी एक युक्ती करा, दारात बार लावा आणि दिवसभरात ५-६ वेळा जाता-येता फक्त ३-३ मारा, दमेपर्यंत कधीच नाही. महिन्या-दीड महिन्यात आकडा हलायला लागतो. वजन २-३ किलो जास्त असेल तर ते कमी करणं हाही पुलअपचाच सराव आहे.

वजन घेऊन करायची कामं

अग्निशमन, रेस्क्यू वगैरे ठिकाणी पळण्यापेक्षा उचलणं-ओढणं जास्त असतं. अमेरिका-कॅनडात फायर फायटरसाठी सीपॅट नावाची टेस्ट आहे, ८ कामं, १० मिनिटं २० सेकंद, अंगावर सुमारे २३ किलोचं जॅकेट, आणि पहिल्याच जिना चढण्याला खांद्यावर आणखी ११ किलो. तीन मिनिटं, मिनिटाला ६० पायऱ्या. मग पाण्याचा होज पाइप ओढणं, शिडी, हातोडा, अंधारात रांगणं, ७५ किलोचा पुतळा ओढणं. पहिल्याच कामात पाय संपतात आणि सात बाकी असतात.

अशा टेस्टला तयारी म्हणजे जिना. बॅगेत ५ किलो टाकून सुरू करा, दर आठवड्याला दीड-दोन किलो वाढवा, आणि रेलिंगला हात लावायचा नाही ही सवय आत्ताच लावा. दोन्ही हातात जड बादल्या किंवा डंबेल घेऊन ५०-५० मीटर चालणं, याने पकड येते, आणि पकडच सगळीकडे कामाला येते. पुतळा ओढताना उलटं चालायचं, कंबर खाली, पाठ सरळ, छोटी पावलं. जोर पायाने लावायचा, पाठ वाकवून ओढलं की पाठ गेली. डेडलिफ्ट, स्क्वॅट आणि प्लँक आठवड्यातून दोन दिवस करत असाल तर यातलं निम्मं आपोआप येतं.

गोळाफेकीबद्दल एवढंच, आधी वर्तुळाच्या पुढच्या पट्टीवर पाय पडून फाऊल होणार नाही हे शिका, अंतर नंतर. गोळा मानेला टेकवून पायातून ढकलायचा, चेंडूसारखा फेकायला गेलात तर खांदा जातो.

दुखापत, हे वाचाच

नडगीच्या आतल्या बाजूने लांब पट्टाभर दुखत असेल तर रनिंग निम्म्यावर आणा, बर्फ लावा, मऊ मातीवर पळा. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल, रात्री पण दुखत असेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, डॉक्टरला दाखवा, त्यावर पळून भरती निघत नाही, पाय निघतो. खूप व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी आली, किंवा उन्हात पळताना चक्कर, बडबड, घाम बंद असं काही झालं तर तो दवाखान्याचा विषय आहे, लगेच. आणि ग्राउंडच्या बाहेर कुणी दम वाढवायचं इंजेक्शन, गोळ्या देत असेल तर हात जोडा आणि निघा, डोपिंगमध्ये सापडलात तर बाद आणि न सापडलात तर हृदयाशी खेळ.

मेडिकलही आधीच एकदा तपासून घ्या, डोळे, कान, सपाट तळवे, गुडघे. सहा महिने घाम गाळून मग नजरेत अडकलेले बघितलेत.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या ७-८ दिवसांत नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा जातो. म्हणून सराव निम्म्यावर आणा, वेग तोच ठेवा, फेऱ्या कमी. आदल्या दिवशी फक्त १५ मिनिटं जॉगिंग. बूट नवीन अजिबात नको, निदान महिनाभर वापरलेलेच. खाणं दोन-अडीच तास आधी, हलकं, रोजचंच, त्या दिवशी नवीन प्रयोग कशालाच करू नका.

नंबर यायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, म्हणून एकदाच वॉर्म-अप करून थंड होऊ नका, तुमच्या आधीची बॅच सुटली की सुरू करा, १० मिनिटं जॉगिंग, पाय झटकणं, ३-४ छोट्या स्प्रिंट. छातीवरचा चेस्ट नंबर नीट लावा, सुटला तर वेळ कुणाच्या नावावर जाईल देव जाणे. फिनिशनंतर धपकन खाली बसू नका, दोन-तीन मिनिटं चालत राहा, आणि तुमची वेळ, अंतर, रेप कागदावर बरोबर लिहिलेत का ते तिथेच बघा, मगच सही करा. आक्षेप असेल तर ग्राउंड सोडायच्या आधी घ्या, गेटबाहेर आल्यावर कुणी ऐकत नाही.