टोकनची यादी उलटीपालटी झाली तेव्हा कळलेलं ऑर्डर बाय

पहिल्या जॉबला जेमतेम दोन महिने झाले होते, एका क्लिनिकसाठी टोकनची स्क्रीन करायची होती, काम साधंच, पेशंट आले त्या क्रमाने नावं दाखवायची. मी डेटाबेसमधून नावं आणायला नुसतं सिलेक्ट मारलं, कुठल्या क्रमाने आण हे सांगणारं ऑर्डर बाय लावलंच नाही, लॅपटॉपवर दहा-बारा नावं टाकून बघितली, बरोब्बर ओळीने आली, म्हटलं झालं. तिसऱ्याच दिवशी रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन, "अहो, सगळ्यात आधी आलेल्या आजी यादीत तळाला गेल्यात, इथे भांडण लागलंय!"

झालं असं होतं की आजींचा मोबाइल नंबर चुकलेला, तो ताईंनी दुरुस्त केला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्यात अपडेट केलं की जुनी रो, म्हणजे टेबलमधली ओळ, जागच्या जागी बदलत नाही, तिची नवी कॉपी लिहिली जाते आणि ती जिथे जागा मिळेल तिथे बसते. व्हॅक्यूमने, म्हणजे जुन्या कॉपी साफ करणाऱ्या कामाने, रिकाम्या केलेल्या जागेत तर उद्याची रो कालच्या रोच्या आधी पण येऊ शकते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाले म्हणतील आमच्याकडे येतं की बरोबर, तर तिथे इनोडीबी, म्हणजे त्याचं डेटा साठवणारं इंजिन, डेटा प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक रोच्या वेगळ्या आयडीच्या, क्रमाने ठेवतं म्हणून तसं दिसतं, क्वेरी दुसऱ्या इंडेक्सवरूनच (दुसऱ्या कॉलमच्या क्रमाने लावलेल्या सूचीवरूनच) भागली की तो क्रम गेला. ऑर्डर बाय नसेल तर क्रमाची गॅरंटी कोणीच देत नाही, टेस्टिंगला बरोबर आलं ते नशीब.

मग मी टाइमस्टॅम्पचा कॉलम घातला, डिफॉल्ट नाऊ, म्हणजे वेळ आपोआप भरली जाईल, आणि परत आपटलो. पोस्टग्रेसचं नाऊ ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द होतात असा गठ्ठा) सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे फोनवरच्या चाळीस अपॉइंटमेंट एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकल्या तर चाळीसही जणांची वेळ सेम टू सेम. म्हणून आधी वेळ, वेळ सारखी असेल तर आयडी, असं दोन्हीवर ऑर्डर बाय लावलं. आयडी ओळीने वाढणारा नंबरवाला हवा हं, यूयूआयडी हा लांबलचक आयडीचा प्रकार, त्यातला व्हर्जन ४ रँडम असतो, त्यावर सॉर्ट करून काही हाती लागत नाही.

अजून एक, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सीक्वेन्सचा, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या आयडीचा, नंबर इन्सर्टला मिळतो पण रो इतरांना दिसते कमिट झाल्यावर, म्हणजे बदल पक्का झाल्यावर, म्हणजे ४२ आधी दिसून ४१ नंतर उगवू शकतो, आणि रोलबॅक झालं, म्हणजे बदल रद्द झाला, तर तो नंबर कायमचा गळतो. "मागच्या आयडीच्या पुढचं आण" असा आपोआप चालणारा जॉब लिहिणार असाल आणि तो मधल्या वेळेत चालला तर तो ४१ सुटतो, आमचा सुटला होता, त्या पेशंटला एसएमएस गेलाच नाही.